पत्र नको असेल, तर इथे दाबा

मित्रांनो, ई-मेलच्या अगदी तळाशी, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर यांच्याही खाली, बारीक अक्षरांची एक ओळ असते. तुम्ही तिथवर कधी पोचत नाही, हे मला ठाऊक आहे. ती म्हातारी ओळ म्हणजे मी. 'पत्र नको असेल, तर इथे दाबा' एवढंच माझं सारं अंग. माझ्यावर बोट टेकवलं की त्या माणसाचं नाव यादीतून कमी होतं आणि त्याला पुन्हा पत्र जात नाही. लोकांना सुखाने जाऊ देणं हेच माझं काम. पण काम असूनही रिकामं बसावं लागलं की जीव कसा कासावीस होतो, ते मला विचारा. मी आजही स्वस्थ नाही. सांगता सांगता पुढचं आधी आणि मागचं नंतर झालं, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटात, पार उत्तरेला, नॉर्डबी गावातल्या मारलिस ट्वेटच्या दुकानात झाला. मारलिस गळाला लावायचे जिवंत छोटे मासे विकते. शिवाय हातमोजे, शेगड्या, कानटोप्या. हिवाळ्यात गावचं सरोवर गोठलं की ती त्यावरचा भुसभुशीत बर्फ बाजूला सारून थेट मधल्या बेटापर्यंत रस्ता काढते. माणसं आपल्या पिकअप गाड्या त्या रस्त्यावरून नेतात, बर्फावरच्या लाकडी खोपटीत शेगडी पेटवून बसतात आणि खाली भोक पाडून वॉलआय मासे धरतात. रस्ता मारलिसचा, म्हणून तो उघडा की बंद, हे सांगायचं कामही तिचंच. पूर्वी ती दुकानाच्या दारावर पाटी लावायची. मग ई-मेल पाठवू लागली, आणि पत्रं पाठवणाऱ्या कंपनीने कायद्याप्रमाणे मला तळाशी बसवलं.

मी तिला पहिल्यापासून आवडले नाही. पाहुणा घरात आला नाही तोच त्याला बाहेरचा रस्ता दाखवायचा, ही कुठली रीत, असं ती माझ्याकडे बघून पुटपुटली होती. पण मला काढून टाकणं तिच्या हातात नव्हतं.

तरी सुरुवातीची वर्षं सोन्यासारखी गेली. पत्र दर गुरुवारी जायचं. बर्फ किती जाड झालाय, भेग कुठे पडलीय, रस्ता कुठून वळवलाय, आणि शेवटी हॉटडिश नावाच्या तिकडच्या भाजून केलेल्या पदार्थाची एखादी कृती. लोक ते चवीने वाचत. माझ्यापर्यंत येत आणि मला न दाबता परत जात. त्यात मला काडीचं दुःख नव्हतं. दार उघडं असून माणसं आत बसलेली असली की दाराचाही मान राहतो.

सगळ्यांत मन लावून वाचणारा म्हणजे अर्व्हिड लिंडाल. हा सरोवराच्या पलीकडच्या काठावर राहतो. आयुष्यभर त्याने सरकारी रस्त्यांवरचा बर्फ हटवायची गाडी चालवली. मासे धरायला निघाला की तो दुकानाकडे येतच नाही. आपल्या अंगणातून थेट बर्फावर उतरतो आणि निम्म्या वाटेत मारलिसच्या रस्त्याला लागतो. म्हणजे दुकानापाशी अडसर घातला, पाटी लावली, तरी ती त्याला दिसायची नाही. त्याला रस्त्याची खबर द्यायला एक ते पत्रच. त्याची बायको व्हर्ना ही मारलिसची शाळेपासूनची मैत्रीण. दोघा नवराबायकोंचा ई-मेल पत्ता एकच. हे एवढं लक्षात ठेवा, कारण माझ्या जिवाला घोर लागला तो इथेच.

पुढे काय झालं, मारलिसला पत्रांची चटक लागली. एकदा कानटोप्यांबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर कानटोप्या संपल्या. झालं. मग सोमवारी शेगड्या, मंगळवारी सोडत, बुधवारी दुकानाचं चित्र छापलेले कप, शुक्रवारी 'फक्त आजच', शनिवारी 'काल सांगायचं राहिलं'. उन्हाळ्यातही थांबेना. अति तेथे माती म्हणतात, तसं झालं. बर्फाची बातमी त्या कानटोप्यांच्या ढिगात कुठेतरी गाडली जाऊ लागली. आता मला काम मिळणार, असं मला वाटलं.

मिळालंही, पण कसं ते ऐका. पहिली दाबणारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई. तिचं नाव कमी झाल्याची सूचना मारलिसला आली. मारलिसचा चेहरा पडला. तिने लगेच फोन लावला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, आमचं काही चुकलं का. एवढ्यावर भागलं असतं. पण दुपारी ती लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन त्या बाईच्या घरी गेली आणि संध्याकाळपर्यंत बसली. बिचारी ऑर्गनवाली इतकी ओशाळली की तिने स्वतःहून पुन्हा नाव घातलं. पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना ही गोष्ट साऱ्या गावाला कळली. त्या दिवसापासून नॉर्डबीतल्या कुणी मला हात लावला नाही.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? अहो, ही माणसं तुम्हाला माहीत नाहीत. यांना 'नाही' म्हणता येत नाही. कॉफी हवी असली तरी दोनदा नको म्हणतील आणि तिसऱ्यांदा घेतील. निघायचं असलं की आधी मांडीवर थाप मारून 'बरं, चला तर' म्हणतील. मग खुर्चीमागे उभे राहतील, मग दारात, मग अंगणात, मग गाडीची काच खाली करून पुन्हा हवापाण्याच्या गप्पा. निरोपाला तास लागतो. अशा माणसांनी एका बोटाने पटकन निघून जायचं, आणि तेही मारलिसला कळेल अशा रीतीने? त्यापेक्षा ते कप विकत घेतील. भीड ही भिकेची बहीण, ती अशी.

पण पत्रांचा वैताग तर होताच. मला बोटं जाणवायची. बोट खाली यायचं, माझ्याजवळ घुटमळायचं, आणि परत वर जायचं. वर कोपऱ्यात दुसरं एक बटण असतं. 'स्पॅम' म्हणतात त्याला. ते खरं चोर-लबाडांची तक्रार करण्यासाठी. लोकांना वाटे, हे बटण गुपचूप आहे. दाबलं की पत्र दिसायचं थांबतं, मारलिसला काही कळत नाही, तिचं मनही दुखत नाही. साप मरतो, काठीही तुटत नाही.

चूक, साफ चूक. ते दाबलं की मी पत्रासकट अडगळीच्या खणात जाऊन पडायचे. तिथे कोण शेजारी? टकलावर केस उगवून देणारे, आणि न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस देणारे. मी अंग चोरून बसायचे. आणि ती तक्रार काही गुपचूप राहात नसे. ई-मेलचं टपाल सांभाळणाऱ्या मोठ्या कंपन्या ती परत पाठवत, आमची पत्रं पाठवणारी कंपनी त्या माणसाचं नाव, तो स्वतः पुन्हा देईपर्यंत, तिथल्या तिथे काढून टाकी, आणि मारलिसच्या नावापुढे एक तक्रार वाढे. तक्रारी वाढल्या की बाकीच्यांची पत्रंही अडगळीत पडू लागतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

जानेवारीतल्या एका सकाळी त्या लिंडालांच्या घरच्या पत्रात एक बोट माझ्याकडे आलं. अर्व्हिडचं नव्हतं. त्याचं जाडजूड बोट मी ओळखते, ते सावकाश सरकतं. हे हलकं होतं, घाईचं होतं. व्हर्नाचं. बराच वेळ माझ्यावर रेंगाळलं. दाब गं बाई, दाब, मी म्हणत होते. मला आवाज असता तर मी ओरडले असते. बोट उचललं गेलं, वर गेलं, आणि मी अडगळीत.

पुढच्या गुरुवारी बर्फाचं पत्र निघालं. मी सगळ्यांच्या घरी गेले. लिंडालांच्या घरी गेले नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. अर्व्हिडला रस्त्याची खबर द्यायला आता काहीच उरलं नव्हतं.

त्याच सुमारास कंपनीतून फोन आला. होदान नावाची मुलगी, सोमाली घरातली, राजधानीत, सेंट पॉलला वाढलेली. मारलिसने फोन गल्ल्याजवळ ठेवला होता आणि मी समोरच्या पडद्यावर उघडी होते, म्हणून मला सारं ऐकू आलं. होदानने सांगितलं की तक्रारी फार झाल्यात, हे असंच चाललं तर पत्रं बंद करावी लागतील. पत्रं कमी करा, आणि बाहेर जायची ओळ ठळक करा.

"आमच्या गावचे लोक तक्रार करणारे नाहीत," मारलिस म्हणाली. "उन्हाळ्यात शहरातून येणारे हौशी असतील ते."

"नावं तुमच्या खात्यात दिसतात, मारलिस. बऱ्याच जणांची. एकदा उघडून बघा ना. त्यांना आता तुमचं कुठलंच पत्र जात नाहीये, बर्फाचंसुद्धा."

मारलिस अगदी हळू म्हणाली, "नको. मला रविवारी त्याच लोकांच्या शेजारी बसायचं असतं. कळलं तर मी त्यांच्याकडे बघू कशी?"

म्हणजे बघा. गावाला तिला दुखवायचं नव्हतं, आणि तिला गावाला लाजवायचं नव्हतं. सगळेच एकमेकांना जपत होते, आणि अर्व्हिडला कोणीच जपत नव्हतं. नावांचं पान एका टिचकीवर होतं. मारलिसने ते उघडलं नाही. उलट होदानचं ऐकायचं सोडून तिने मलाच आणखी बारीक केलं, करड्यावर करडा रंग चढवला. लोकांना बाहेरची वाट दिसलीच नाही की ते जाणार नाहीत, हा तिचा हिशोब. मी उरलेच नाही म्हणा ना. म्हाताऱ्या डोळ्यांना तर पत्ताच लागू नये. आणि जेवढी मी फिकट झाले, तेवढं वरचं बटण जास्त दाबलं जाऊ लागलं.

फेब्रुवारी कसाबसा सरला. मार्चच्या सुरुवातीला दक्षिणेकडून उबदार वारा सुटला. दोन दिवस वाहिला. बेटाच्या अलीकडे, जिथे सरोवर अरुंद होतं, तिथे बर्फ कण्हल्यासारखा आवाज करू लागला आणि आडवी भेग पडली. मारलिस स्वतः चालत जाऊन बघून आली. हे मात्र तिचं मानलं पाहिजे, कामात ती कधी कसूर करत नाही. आल्या आल्या तिने दुकानापाशी अडसर घातला, लाल झेंडे लावले आणि पत्र लिहिलं. 'अरुंद भागात भेग. रस्ता बंद. कोणीही गाडी घालू नका.' त्यात टोपी नाही, कप नाही. इतकं चांगलं पत्र तिने कित्येक दिवसांत लिहिलं नव्हतं.

पत्र निघालं. काही घरी पोचलं, बऱ्याच घरी अडगळीत पडलं. लिंडालांकडे गेलंच नाही. दुकानाच्या पडद्यावर मी पाठवलेल्या पत्राच्या तळाशी चिकटून बसले होते. मारलिस समोर मासे मोजून पिशव्यांत भरत होती, मधूनच पाणी बदलत होती. तीन पावलांवर ती, आणि मला काही सांगता येत नव्हतं. फोनकडे बघ, पलीकडच्या काठाकडे बघ, नाहीतर निदान त्या नावांच्या पानाकडे बघ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ती शीळ घालत होती.

सकाळ उलटता उलटता फोन वाजला. मारलिसने ऐकलं आणि पाण्याची बादली तिच्या हातून सुटली. अर्व्हिडची पिकअप भेगेत गेली होती.

तिकडची माणसं बर्फावर गाडी घालताना पट्टा लावत नाहीत आणि काच खाली ठेवतात, हाडं गोठली तरी. त्या रीतीने अर्व्हिडला वाचवलं. गाडीचं नाक खाली जाताच तो खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि बर्फाच्या कडेला कोपरांनी लटकून राहिला. जवळच्या खोपटीतल्या दोघा भावांनी पोटावर सरपटत जाऊन त्याच्याकडे दोर फेकला. तो बाहेर आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. गाडी तळाशी गेली. त्याला हॉस्पिटलात नेलं. रात्रभर त्याचा भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जगेल, पण डाव्या पायाची बोटं काढावी लागतील.

मारलिस वेड्यासारखी झाली. पत्र तर मी पाठवलं होतं, अर्व्हिड तर शब्दन् शब्द वाचतो, असं येईल त्याला सांगत होती. शेवटी तिने होदानला फोन केला. होदानने शोधून सांगितलं की या पत्त्यावरून जानेवारीतच तक्रार आलीय, म्हणून तेव्हापासून इथे काही गेलेलं नाही. मारलिसने फोन ठेवला आणि ती स्टुलावर बसली. अर्व्हिडने माझी तक्रार केली, अर्व्हिडने, असं ती पडद्याकडे बघत म्हणत राहिली. अगं तो नव्हे, असं मी आतून ओरडत होते.

दोन दिवसांनी व्हर्ना आली. हॉस्पिटलातून थेट आली होती, अंगावर तेच कपडे. मारलिस उठून कॉफी ओतू लागली. व्हर्नाने नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावरही नकोच म्हटलं. मारलिसचा हात थांबला.

"ते अर्व्हिडने नाही गं केलं," व्हर्ना म्हणाली. "मी केलं. ते बटण मी दाबलं. तो मधे एकदा म्हणाला, मारलिसचं पत्र आलं नाही बरेच दिवसांत. मी म्हटलं, सगळं ठीक असेल, म्हणून लिहिलं नसेल. तो म्हणाला, हो, काही वाईट असलं तर ती लिहीलच."

मारलिसने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"मला सांगायचंस की, व्हर्ना."

"तुला? तुला सांगितलं असतं तर तू ताट घेऊन दारात उभी राहिली असतीस. आणि मी सॉरी सॉरी म्हणत पुन्हा नाव घातलं असतं. खरं की नाही?"

मारलिसने मान हलवली. "आलेच असते."

"तुझी पत्रं नको होती मला, मारलिस. रोज टोप्या, रोज कप. तू नको होतीस असं कधी म्हटलं मी?" आणि व्हर्ना रडू लागली. "त्या कपांपायी मी माझ्या नवऱ्याला बुडवला असता."

"मी बुडवला असता," मारलिस म्हणाली. "ती मुलगी सांगत होती, नावं बघा. माझी छातीच झाली नाही."

मग मारलिसने ते पान उघडलं. दोघी शेजारी शेजारी बसून वाचत गेल्या. अर्धं गाव होतं त्यात. ऑर्गनवाली होती. दोर फेकणारे भाऊही होते. मारलिस एकेक नाव बघे, डोळे पुसे, आणि पुढे जाई. ती कोणावर चिडली नाही. चिडली असती तर मला थोडं बरं वाटलं असतं, खरं सांगते.

दुसऱ्या दिवसापासून तिने सारी घडीच बदलली. बर्फाचं पत्र वेगळं केलं, त्यात विकायची एकही वस्तू नाही. दुकानाचं पत्र वेगळं, तेही महिन्यातून एकदाच. तक्रार केलेल्यांना ई-मेल करता येत नाही, म्हणून तिने त्यांना रविवारी कॉफीच्या वेळी समोरासमोर सांगितलं की बर्फाची खबर हवी असेल तर दुकानात येऊन नाव द्या, टोपीचा विषय काढणार नाही. चारचौघांत हे बोलताना तिचे कान लाल झाले होते, असं व्हर्ना सांगते. उरलेल्यांना तिने विचारलं, दुकानाचं पत्र हवंय का. आणि मला तळातून उचलून दुकानाच्या पत्राच्या अगदी डोक्यावर, जाड काळ्या अक्षरांत बसवलं. बर्फाच्या पत्रात मी तळाशीच आहे, पण ठळक आहे.

दुकानाच्या यादीतून माणसं गेली. भराभर गेली. इतकी बोटं माझ्यावर मी जन्मात झेलली नव्हती. प्रत्येक नावागणिक मारलिसचा हात फोनकडे जायचा आणि मागे यायचा. तिला ते लागत होतं. मलाही तिच्यासाठी वाईट वाटलं, आणि मी कामाला आले म्हणून आनंदही झाला. दोन्ही एकदम होतं.

व्हर्नाने बर्फाच्या पत्रासाठी नाव दिलं, तेव्हा मारलिसने चुकून दुकानाच्या पत्रातही तिचं नाव टिपलं होतं. पहिलं पत्र गेलं तेव्हा व्हर्ना दुकानातच होती. मारलिसने पडदा तिच्याकडे वळवला.

"दाब."

"राहू दे गं," व्हर्ना म्हणाली. "महिन्याला एक तर पत्र. येईना का."

"व्हर्ना, दाब म्हणते ना."

ते हलकं बोट माझ्यावर आलं. घुटमळलं. मारलिस जवळ उभी राहून बघत होती, हटली नाही. मग बोट टेकलं. व्हर्नाचं नाव गेलं. मारलिसने काही विचारलं नाही, आणि व्हर्नाने काही सांगितलं नाही.

मित्रांनो, तुम्हालाही नको असलेली पत्रं येत असतील. लबाडांची असतील तर ते वरचं बटण जरूर दाबा, ते त्याचसाठी आहे. पण ज्यांचं पत्र तुम्ही एकेकाळी स्वतःहून मागितलं होतं, त्यांच्याकडून निघायचं असेल तर खाली या, मला शोधा. मी फिकट असेन, बारीक असेन, पण तिथेच असेन. आणि तुम्ही पत्रं पाठवणारे असाल, तर मला लपवू नका. तक्रार आली तर कोणाची आली ते बघा, बघायला कितीही जड गेलं तरी. आणि कोणी माझ्यातून गेलं, तर त्याला जाऊ द्या. व्हर्ना यादीतून गेली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आज सकाळी मारलिस दुकान उघडायला आली, तर तीच व्हर्ना गप्पांना येऊन आधीच दारात उभी होती.